आकड्यांचा जोर की जागीच थांबवण्याचा?
काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयातलं प्राणिदालन पाहून बाहेर पडलं की चहावर हा वाद हमखास रंगतो: शिकारीच्या रायफलची गोळी ऊर्जेच्या आकड्याने जोखायची, की जनावर जागीच थांबवण्याच्या ताकदीने? (१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा नुसता वादच उरलाय, ते बरंच.) .३०० वेदरबी आणि .३७५ एच अँड एच, दोन्ही काडतुसांची नळीच्या तोंडाशी ऊर्जा साधारण ४२०० फूट-पाउंड. पण वेदरबीची गोळी १८० ग्रेनचीच (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप); आकडा फुगतो तो ऊर्जेच्या सूत्रातल्या वेगाच्या वर्गामुळे. .३७५ची ३०० ग्रेनची, जाड, मजबूत बांध्याची असेल तर आफ्रिकेतल्या केप बफेलोचं (रानरेड्याचं) हाड फोडून खोल शिरते. अंगावर येणाऱ्या जनावरापुढे मी तीच घेईन. आफ्रिकेतला शिकारी जॉन टेलर याच्या सूत्रात वेगाचा वर्ग नाही, नुसता वेग, गोळीचं वजन आणि व्यास आहे: त्यात .३७५ला सुमारे ४० गुण, वेदरबीला २५. मात्र गोळी लागली कुठे, हे ते सूत्रही विचारत नाही. हत्तींचा शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने हलक्या .२७५ रायफलने शेकडो हत्ती पाडले, मेंदूचा नेम धरून.