टेलिमानस की जिल्हा रुग्णालय?
झोप उडाली आहे, छातीत धडधडते, पण घरात बोलायचे कसे हे उमगत नाही, अशा वेळी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा सोयीची ठरते. १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते. मात्र उदासी, भूक मंदावणे, कशातच रस न उरणे अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात जाणेच मला योग्य वाटते, कारण थायरॉइडसारखे शारीरिक कारण तपासूनच तेथे उपचार ठरवता येतात. केसपेपरची रांग जिवावर येते, हे खरे. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. जीव नकोसा वाटत असेल, तर निवड करत न बसता लगेच फोन करावा आणि जवळच्या माणसासोबत रुग्णालय गाठावे.