चोरबाजारात विरहाची लावणी: आधी ऐका, मग पैसे द्या

मटण स्ट्रीटवरच्या या जुन्या तबकड्यांच्या दुकानात लावणीचा साठा भरपूर, मांडणी मात्र नुसती रास. वेळ काढून जा, शुक्रवारी बंद.

मिनिटाला 78 फेऱ्यांची दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम 3 मिनिटं वाजते. बैठकीत एकच ओळ वेगवेगळ्या अदांनी घोळवायची, तो विरह इथे घाईत उरकतो. आवाजातली आर्तता तेवढी टिकलीय, आणि तीच तर हवी.

घेताना तबकडी उजेडात तिरपी धरा. खाचा करड्या दिसल्या तर पोलादी सुईने खाल्ल्यात. वरच्या पट्टीत सूर फाटणारच. कडेला चीर असेल तर ठेवून द्या, ती आत सरकत जाते. दुकानातल्या प्लेअरला एलपीची, म्हणजे नंतरच्या अरुंद खाचांच्या तबकड्यांची, बारीक सुई आहे. ती 78च्या रुंद खाचेत तळाला घासते, म्हणून चांगली तबकडीही खरखरते. 3 मिलची (टोक इंचाच्या तीन हजारांश) सुई लावायला सांगा. मालक कुरकुरतात, पण लावतात.

घरी स्पिरिटने पुसू नका, तबकडी लाखेची असते, ती विरघळते. साधं पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ फडकं. लेबल भिजवायचं नाही.