रेम्ब्रांटचं घर, ॲमस्टरडॅम: दादरकरांनी जरूर बघावं

कर्ज काढून मोठं घर घ्यायचं आणि मग हप्ते थकायचे, हे दादरकरांना वेगळं सांगायला नको! डच चित्रकार रेम्ब्रांटने हे घर 1639 मध्ये घेतलं; 1656 मध्ये दिवाळं निघालं. तेव्हा घरातल्या सामानाची जी यादी झाली, तिच्यावरूनच आज खोल्या पुन्हा सजवल्यात. भिंतीतल्या कपाटात बसवलेला पलंग बघून आमची ही म्हणाली, "हा तर वन आरके!" आम्ही रेंगाळलो ते वरच्या स्टुडिओत. उत्तरेचा शांत उजेड, आणि दगडावर जवसाच्या तेलात रंगाची पूड घोटून दाखवतात. त्याचं गाजलेलं चित्र ‘नाइट वॉच’ इथे शोधू नका, ते राइक्सम्युझियममध्ये. इथली खरी श्रीमंती एचिंग्जची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेल्या चित्रांची. जिने मात्र अरुंद आणि चढे, गुडघेदुखीवाल्यांनी जपून.