रात्री बाराला सगळ्यांचे टायमर: घोडबंदर रोडच्या सोसायटीत घरच्या चार्जिंगचा अनुभव

टियागो ईव्ही घेतल्यापासून हा दुसरा उन्हाळा. गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. माजिवड्याच्या ट्रॅफिकसकट रोज ऐरोलीला जाऊन-येऊन २४ किलोवॅट-तासांची बॅटरी तीन दिवस आरामात पुरते, युनिटमागे साधारण सात किलोमीटर पडतात. तक्रार नाही. लिहायचंय ते चार्जिंगबद्दल, आणि त्यातही मीटर रूम आणि डीपीवर, म्हणजे सोसायटीला वीज पुरवणाऱ्या रोहित्रावर, त्याचा काय ताण येतो त्याबद्दल. शोरूममध्ये या विषयावर कोणी तोंड उघडत नाही.

सोबत मिळालेला चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण ३.३ किलोवॅट ओढतो. म्हणजे दीड टनाचे दोन एसी धरा. पण खोली गार झाली की एसीचा कॉम्प्रेसर दम खातो. गाडी मात्र बॅटरी भरत येईपर्यंत तासन्‌तास तेवढाच करंट घेत राहते. लोकांचे प्लग वितळतात ते त्यामुळेच. चांगल्या प्रतीचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळून शॉक बसण्याआधी वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, यात पैसे वाचवू नका. स्टिल्ट पार्किंगमध्ये जुलैत पाणी शिरतं हे आपल्या इकडे वेगळं सांगायला नको.

सोसायटीत तीन-चारच गाड्या होत्या तोवर कोणाला काही जाणवलं नाही. डझनभर झाल्यावर कुरकुर सुरू झाली. "अहो, तुमच्या गाड्या लागल्या की आमचा पंखा रडतो," असं बी विंगच्या एका काकूंनी लिफ्टमध्ये ऐकवलं. कमिटीतल्या दोघांनी हसण्यावारी नेलं, पण काकूंचं बरोबर होतं. वायरमनने करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तेव्हा उलगडा झाला. इमारतीत वीज तीन तारांनी, म्हणजे तीन फेजने येते आणि न्यूट्रल या चौथ्या तारेने परतते. बिल्डरच्या ठेकेदाराने पार्किंगचे सगळे पॉइंट एकाच फेजवर काढून ठेवले होते. तिन्ही फेजवर लोड सारखा असला तर न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच वाहत नाही. एकाच फेजवर चढवला की त्या फेजचा व्होल्टेज बसतो, उरलेला करंट न्यूट्रल तापवत परततो, आणि त्या फेजवरच्या घरांचे दिवे मंदावतात. पुरवठा २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ मध्ये असायला हवा. मे महिन्यात रात्री अकराला माझ्या सब-मीटरवर २१० दिसायचे. पॉइंट आर, वाय, बी या तिन्ही फेजवर वाटून दिल्यावर पंख्यांची तक्रार थांबली. नवी केबल नाही, नवं रोहित्र नाही, एका दिवसाचं काम.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण यूट्यूबवर सगळे उलटंच सांगतात. "रात्री चार्ज करा, तेव्हा लोड कमी असतो." थंड देशात असेल! ठाण्यात मे महिन्यात रात्री दहा ते एक घराघरात एसी चालू असतात. दिवसभर तापलेल्या डीपीला थंड व्हायला रात्रच मिळते, आणि नेमकी तीच आपण हिरावून घेतो. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली, म्हणजे डीपीतल्या तारांच्या वेटोळ्यांमधली, उष्णता चौपट होते, आणि तापलेल्या तेलात आतल्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य झपाट्याने घटतं. डीपी एका रात्रीत जळत नाही. काही वर्षं आधी जळते, आणि तेव्हा गाड्यांचा संबंध कोणी लावत नाही.

आमची डीपी ६३० केव्हीएची, म्हणजे ढोबळमानाने तेवढ्याच किलोवॅटच्या आसपास क्षमतेची. चाळीस गाड्या एकदम लागल्या तर ३.३ च्या हिशेबाने १३२ किलोवॅट होतात, ते सोसवेल. त्याच चाळीस जणांनी ७.२ किलोवॅटचे वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचे वेगवान चार्जर, बसवले तर २८८. त्यावर एसी, लिफ्ट आणि पाण्याचे पंप आहेतच. सगळे एकाच वेळी कशाला लावतील, असं म्हणाल, तर ऐका. "बारानंतर लावा" असं ठरल्यावर झाडून सगळ्यांनी टायमर बारालाच लावले. ठोक्याला लोड उभाच्या उभा चढायचा. ब्रिटनमध्ये हे आधीच ओळखून जून २०२२ पासून नव्या घरगुती चार्जरना सक्ती आहे: ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांपर्यंत, प्रत्येकाने वेगवेगळा वेळ, स्वतःहून थांबून सुरू व्हायचं. आमचा इलाज देशी आहे. ए विंग साडेबाराला, बी दीडला, सी अडीचला. रोज पूर्ण चार्ज लागतो कोणाला? दोन-तीन तासांत दिवसाची सोय होते.

खरं तर दुपार सगळ्यात उत्तम. सौरऊर्जा भरपूर असते म्हणूनच जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत ठेवली. पण तेव्हा गाडी ऐरोलीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये नुसती उभी असते आणि तिथे सॉकेट नाही. मी रविवारी दुपारी भरून घेतो. निवृत्त मंडळींनी तर रोज तेच करावं.

७.२ चा बॉक्स घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. रोजचं जाणं-येणं ठाणे, मुंबई, नवी मुंबई एवढंच असेल तर नको. टॅक्सी चालवत असाल किंवा बॅटरी मोठी असेल तर घ्या, पण गुपचूप घरच्या मीटरवरून ओढू नका. २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार गाडीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. त्याने लोड कागदावर येतो, आणि डीपी केवढी लागेल याचा हिशेब करणाऱ्याला तो दिसतो. सॉकेटवरच्या आमच्यासारख्यांचा लोड मात्र आजही कुठल्याच कागदावर नाही, म्हणून येत्या एजीएममध्ये (वार्षिक सभेत) सोसायटीचा मंजूर भार वाढवून घेण्याचा ठराव मांडतोय.