लोडांच्या खोळी शिवायला घेतल्या, आणि वर्गातच जाऊन बसले

मी कर्वेनगरात ब्लाउज शिवते, २३ वर्षं झाली. त्यामुळे हा अभिप्राय योगातल्या जाणकाराचा नाही, मान धरलेल्या शिंपिणीचा आहे.

आमच्या धंद्यात मान सतत खाली आणि उजवा खांदा वर असतो. मागच्या लग्नसराईत रात्री दीड-दीड वाजेपर्यंत मशीनवर होते. शेवटी हात वर नेऊन केस विंचरता येईनात. त्याच सुमारास योगाचा वर्ग घेणाऱ्या बाई दुकानात आल्या. अकरा लोडांच्या खोळी शिवून हव्या होत्या. (योगवाले त्याला बोल्स्टर म्हणतात, पण तो आपला बैठकीवरचा लोडच.) म्हणाल्या, "चेन लांबीत नको, टोकाला लाव. पाठीखाली टोचते." मग कापड न बघता माझ्याकडेच बघत राहिल्या. "उजवा खांदा कानाला टेकलाय तुझा. कधीपासून?" मी तोवर दुखण्याचं अक्षर काढलं नव्हतं.

खोळी पोचवायला गेले आणि त्याच आठवड्यात नाव घातलं. आता चौदा महिने होतील.

जागेचं आधी सांगते, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही. कपडे बदलायला खोली नाही, घरूनच सलवार-टीशर्टमध्ये जायचं. गाडी लावायची पंचाईत. बाहेर पाटीसुद्धा नाही, बाईंना ती नकोच आहे, म्हणून मीही नाव लिहीत नाही. आत मात्र हत्यारं चोख. भिंतीत कड्या आणि त्यातून सोडलेले दोर, लाकडी ठोकळे, बकलचे पट्टे, पाठ काढलेल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या. दोन खुर्च्या डुगडुगतात, त्या टाळा. चादरींची चळत अशी, की कापडाच्या दुकानात सेल्समनलाही जमणार नाही.

पहिला महिना मला राग येत होता. ताडासन म्हणजे नुसतं उभं राहायचं! पैसे मोजून उभं राहायला शिकायचं? पण बाई टाचेपासून सुरू करतात. कुठल्या पायावर जास्त भार आहे, गुडघ्याची वाटी वर ओढली का, खांद्याची पाती आत गेली का. तेव्हा कळलं की मी वर्षानुवर्षं पायडलच्या पायावरच उभी राहते. आमच्याकडे एक टाका तिरका गेला की पुढची सगळी शिवण तिरकी जाते, तसंच ते. पुढे त्रिकोणासनात हात जमिनीला लावायचा मी हट्ट धरला, तर बाईंनी हाताखाली ठोकळा सरकवला. म्हणाल्या, "जमीन वर आण, तू वाकडी होऊ नकोस."

माझ्यासाठी खरी किंमत सर्वांगासनाची. आधी एका सोसायटीतल्या वर्गात हेच आसन मी नुसत्या चटईवर केलं होतं. मोठ्याने गाणी लावलेली, सर समोर स्वतःच करून दाखवणार, आणि मान दोन आठवडे आखडलेली. इथे खांद्यांखाली तीन-चार चादरींची घडी, डोकं मात्र खाली जमिनीवर. खांदे उंचावर आल्यामुळे मानेवरचा दाब कमी होतो. घडीची सलग कड मानेच्या बाजूला, सुटी टोकं पलीकडे. कोपर बाहेर पळू नयेत म्हणून वर पट्टा. घडी अर्धा इंच वाकडी असली तर बाई उठवतात आणि पुन्हा घालायला लावतात. इतर बायका कुरकुरतात. मला हे मनापासून पटतं. मासिक पाळीत उलटी आसनं नाहीत, त्या दिवसांत लोडावर वेगळी आसनं देतात, तीही चार लोकांत न बोलता.

मापं घेताना बायका बोलतात. बाईही बोलल्या. तरुणपणी दमा होता, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी होती, आणि १९८४ साली त्या मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार गुरुजींच्या संस्थेत जाऊ लागल्या. सासूबाई म्हणायच्या, हे कसले चाळे. बाईंना गुरुजींचं आकर्षण त्यांच्या लवचिकपणामुळे नव्हतं. बी.के.एस. अय्यंगार लहानपणी क्षय, मलेरिया, टायफॉइड सगळं भोगलेले, अगदी किडकिडीत. म्हैसूरला मेहुणे कृष्णमाचार्यांकडे शिकले आणि १९३७ साली, वीस वर्षंही पुरी झाली नसताना, पुण्यात शिकवायला आले. मराठी येत नव्हतं. साठीत, १९७९ साली स्कूटरचा अपघात झाला आणि कमावलेलं शरीर हातातून गेलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि नव्वदी ओलांडल्यावरही रोजचा सराव सोडला नाही. २०१४ मध्ये गेले.

अपघाताचा हा भाग बाई दोनदा सांगतात. नऊ वर्षांपूर्वी त्यांचाही गुडघा गेला, तोही स्कूटरवरूनच. पद्मासन आता होत नाही, आणि वर्गात त्या ते लपवत नाहीत. एकदा पहाटे साडेपाचला पट्टे द्यायला गेले तर दार उघडंच होतं. बाई भिंतीच्या दोरात उलट्या लटकलेल्या, पांढरी वेणी जमिनीला टेकलेली. मी पायरीवर बसून राहिले. वीस मिनिटांनी उतरल्या, गुडघ्याच्या खोबणीत कापडाची गुंडाळी धरून वीरासनाला (गुडघे दुमडून दोन टाचांच्या मधे जमिनीवर बसायचं) बसल्या, तेही ठोकळ्यावर. अडुसष्टाव्या वर्षी त्या अजून त्या ठोकळ्याची उंची कमी करताहेत. आता किती राहिलीय, ते माझ्यासमोर टेपने मोजलं.

तक्रारी आहेत. बाई ओरडतात. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी चारचौघांत "ही पाठ आहे की पोतं" म्हणणं बरं नव्हे. माझ्यासमोर एक मुलगी परत आली नाही. फोन उचलत नाहीत. बुडलेल्या दिवसाचा वर्ग भरून मिळत नाही. प्राणायाम लवकर शिकवा म्हटलं तर उत्तरच देत नाहीत. मला दहाव्या महिन्यात मिळाला, तोही आडवं पडून. घाम गाळून वजन उतरवायचं असेल तर इथे येऊ नका.

मान पूर्ण बरी झाली म्हणणार नाही, दिवाळीच्या गर्दीत अजून दुखते. पण केस विंचरता येतात, आणि मशीनसमोरचं स्टूल मी दोन इंच उंच करून घेतलंय, तेही बाईंनी दुकानात येऊन बघून सांगितलं म्हणून.

फी महिन्याला १,२०० रुपये, आठवड्यातून दोनदा. सध्या जागा फक्त मंगळवार-शुक्रवार संध्याकाळच्या वर्गात आहे. चादर घरची आणा; तिथल्या दोन फाटल्यात आणि त्यांना रफू करायचं माझ्याकडूनच राहिलंय.