बायबलमधली कथा एकट्याने अभ्यासायची तर कोणती पद्धत घ्यावी?

संडे स्कूलपासून ऐकलेल्या कथांची एक अडचण असते. पहिली ओळ वाचली की शेवट आठवतो आणि मधलं सगळं डोळ्यांखालून नुसतं निघून जातं. घरी एकट्याने बसून अशा कथेत शिरायचं तर पद्धती बऱ्याच आहेत. त्यातली कोणती घ्यावी हे ठरवायला मी एकच कथा घेते: याइराची मुलगी आणि बारा वर्षं रक्तस्रावाने पीडलेली स्त्री (मार्कने सांगितलेलं येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, ५:२१-४३). याईर मरणाला टेकलेल्या लेकीसाठी येशूला बोलावतो, वाटेत ही स्त्री येशूच्या वस्त्राला शिवून बरी होते, तेवढ्यात मुलगी वारल्याचा निरोप येतो, आणि येशू घरी जाऊन मुलीला उठवतो.

पहिली निरीक्षणाची पद्धत. मजकुरात काय आहे, त्याचा अर्थ काय, माझ्या जगण्याशी त्याचा संबंध काय, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे. लागतं काय, तर वही आणि पेन. या कथेवर ती लावून बघा. याईर सभास्थानाचा अधिकारी, त्याचं नाव दिलेलं आहे, तो सगळ्यांदेखत समोरून येऊन येशूच्या पाया पडतो. बाईला नाव नाही, ती गर्दीतून मागून येते, आणि शेवटी तीही येशूपुढे पडते. ती बारा वर्षं आजारी आहे. मुलीचं वय मार्क कथेच्या अगदी शेवटी, मुलगी उठून चालायला लागल्यावर सांगतो: बारा. म्हणजे एका घरात लेक जन्मली त्याच सुमारास दुसरीकडे हे दुखणं सुरू झालं. हे कळायला एकही जाड ग्रंथ उघडावा लागला नाही. फक्त तिसऱ्या प्रश्नाकडे धाव घ्यायची नाही. ‘विश्वास ठेवला की बरं होतं’ असं दोन मिनिटांत लिहून वही मिटली, तर अभ्यास झालाच नाही.

दुसरी पद्धत म्हणजे ही कथा असलेली तिन्ही शुभवर्तमानं शेजारी ठेवून वाचणं. कागदावर तीन रकाने आखा. मार्कला ही कथा सांगायला २३ वचनं लागतात, लूकला १७, मत्तयाला फक्त ९ (लूक ८:४०-५६, मत्तय ९:१८-२६). मत्तयात याइराचं नावच नाही, आणि बाप येतो तोच मुलगी वारली असं सांगत. त्यामुळे मार्कमधला वाटेतला खोळंबा आणि मागून आलेला निरोप तिथे उरत नाही. ती एकुलती एक होती हे लूकच सांगतो. तिला खायला द्या, हे येशूचं सांगणं मार्क आणि लूक नोंदवतात, मत्तय नाही. कथा तोंडपाठ असलेल्यांना मी आधी हीच पद्धत सुचवेन, कारण पाठांतराची सवय इथे मोडते. रूथ किंवा योनाच्या कथेला मात्र ती चालत नाही, तिथे शेजारी ठेवायला दुसरं कथन नाही.

तिसरी, कल्पनेने कथेत उभं राहण्याची. संत इग्नेशियस लोयोला यांच्या साधनेतून ती आली. ती साधना सांगणाऱ्या त्यांच्या पुस्तकाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. माणसं बघायची, ती काय बोलतात ऐकायचं, काय करतात ते पाहायचं. ‘माझ्या वस्त्रांना कोण शिवलं?’ असं विचारत येशू थांबतो, ती बाई सगळी हकिकत सांगते, आणि घरी लेक मरणाला टेकलेली असताना बाप तिथेच उभा आहे. त्या वेळात याईर काय बोलला, मार्क एक शब्दही सांगत नाही. त्याच्या शेजारी उभं राहिल्यावर ती शांतता अंगावर येते. कोरडेपणाने वाचणाऱ्याला ही पद्धत हलवते. धोका एकच, आपण घातलेलं पुढे शास्त्रात आहे असं वाटू लागतं. म्हणून निरीक्षणाची वही आधी भरावी, कल्पना नंतर.

बाराव्या शतकातल्या कार्थुशियन या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या मठातल्या ग्विगो यांची वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान ही चार पायऱ्यांची रीत दोन-तीन वचनांना छान बसते, स्तोत्रांना तर फारच. एवढी लांब कथा मात्र तीत तुकड्या-तुकड्यांत हरवते.

टीकाग्रंथ, म्हणजे बायबलचा अर्थ उलगडून सांगणारे ग्रंथ, सर्वांत शेवटी उघडावेत, पण उघडावेत जरूर. मत्तय वारलेल्या मुलीच्या घरात पावा वाजवणारे दाखवतो. मिश्ना या यहुदी संग्रहात नियम आहे की गरिबातल्या गरिबानेही बायकोच्या अंत्यविधीला निदान दोन पावे आणि एक रडणारी बाई आणावी. हे आपल्याला एरवी कळलं नसतं. उलट, ती बाई अशुद्ध म्हणून समाजाबाहेर होती असं अनेक टीकाकार ठामपणे लिहितात. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकात (१५:२५-२७) अशा स्त्रीच्या अशुद्धतेचा नियम आहे खरा, पण मार्क इथे अशुद्धतेचं नाव घेत नाही. वही आधी भरलेली असली की हा फरक आपला आपल्याला दिसतो.

रोज जेमतेम अर्धा तास मिळत असेल तर एकच कथा आठवडाभर धरा. सुरुवातीचे दिवस निरीक्षण, मग रकाने, मग कल्पना, आणि शेवटच्या दिवशी टीकाग्रंथ. घरात नुकतंच कुणाचं मूल गेलं असेल किंवा दुखणं चालू असेल, तर याइराच्या जागी एकट्याने उभं राहू नका. त्या दिवसांत येशूने याइराला सांगितलेलं ‘भिऊ नको’ एवढंच वचन घेऊन ग्विगोंच्या पायऱ्यांवर बसा, आणि कथेसाठी दुसरी कुठली तरी निवडा.