सेल्फ जळालाय म्हणाला आणि आमचाच सेल्फ रंगवून परत विकला

जुनी गाडी वापरणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. चावी फिरवली आणि इंजिन फिरलंच नाही की माणूस अडकतो. गाडी जागची हलत नाही, उशीर होत असतो, आणि समोरचा मेकॅनिक जे सांगेल ते ऐकण्यावाचून इलाज नसतो. आमच्या मेकॅनिकने याच अडचणीचा फायदा घेतला. तुटत आलेल्या एका पट्टीपायी त्याने आधी बॅटरीचे आणि मग सेल्फचे, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचे, पैसे घेतले. त्यातला 'नवा' सेल्फ तर आमचाच जुना निघाला.

गाडीचं लक्षण अगदी स्पष्ट होतं. चावी फिरवली की बॉनेटखालून एकदाच 'टक्' व्हायचं, पुढे काही नाही. मीटरवरचे दिवे नीट, हॉर्न खणखणीत. हेडलाइट लावून सेल्फ मारला तरी उजेड जराही कमी होत नव्हता. कधी पुन्हा पुन्हा चावी फिरवल्यावर गाडी लागायची, कधी धक्का मारावा लागायचा. हेडलाइटचं मी मेकॅनिकला आपणहून सांगितलं होतं. काम येणाऱ्याला तेवढा धागा पुरेसा आहे. बॅटरी बसलेली असेल तर सेल्फ मारताना दिवे मंद होतात आणि बहुतेक वेळा टकटकटकटक असा लागोपाठ आवाज येतो. दिवे तसेच प्रखर राहिले, तर बॅटरीत जोर आहे पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा सेल्फ तो घेत नाही, असं समजायचं. आणि काहीच आवाज आला नाही, साधं टक् सुद्धा नाही, तर आधी फ्यूज, रिले, इग्निशन स्विच आणि सोलेनॉइडला (चावी फिरवल्यावर सेल्फला करंट जोडणारा स्विच) जाणारी बारीक वायर बघायची.

त्याने यातलं काही बघितलं नाही. दुसरी बॅटरी आणली, जंपर केबल लावली. लाल चिमटे दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला. काळ्याचं एक टोक आणलेल्या बॅटरीला, आणि दुसरं आमच्या बॅटरीला न लावता थेट इंजिनच्या लोखंडाला. चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात लागली. "बघा ताई, तुमची बॅटरी गेली." डोळ्यांसमोर गाडी लागलेली बघितल्यावर कोण शंका घेईल?

ही चलाखी नीट समजून घ्या, कारण ती पुराव्यासारखी दिसते. आमच्या गाडीत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला आहे आणि बॉडीपासून इंजिनपर्यंत तारांची विणलेली एक अर्थिंगची पट्टी आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट परत यायला मुख्य वाट त्या पट्टीचीच. काळा चिमटा सरळ इंजिनला लावला की खराब पट्टी आपोआप वगळली जाते. गाडी लागली ती त्यामुळे. चिमटा इंजिनला लावणं ही जंप स्टार्टची रीतच आहे, त्यात वावगं काही नाही. पण त्यावरून बॅटरी गेली असं ठरत नाही. ते ठरवायचं तर मीटर लावावा लागतो. गाडी काही तास बंद ठेवल्यावर चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 ला ती साधारण निम्मी असते, आणि सेल्फ मारताना 9.6 च्या खाली उतरू नये. त्याने मीटर काढलाच नाही. नवी बॅटरी बसवली, पूर्ण पैसे घेतले आणि जुनी ठेवून घेतली. बॅटरीच्या वजनाचा मोठा भाग शिशाचा असतो, जुनीला पैसे येतात. आमच्या बिलात त्याची वजावट नव्हती.

थोड्याच दिवसांत पुन्हा तेच टक्. या वेळी सारखा सेल्फ मारल्यावर प्लास्टिक जळल्यासारखा वास आला आणि अॅक्सिलरेटरचं पेडल जड झालं. मी त्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या. पेडलचं त्याने ऐकल्यासारखंच केलं नाही. वासाचं मात्र लगेच उचललं. "सेल्फ जळालाय. जुनी गाडी आहे ताई, आता एकेक निघणारच." सेल्फ उतरवला, दुसऱ्या दिवशी काळाकुळकुळीत, चकचकीत सेल्फ बसवला. जुना भाग मागितला तर म्हणाला, तो कंपनीला परत द्यावा लागतो.

गाडी काही आठवडे बिनतक्रार लागली. मग पुन्हा टक्.

तेव्हा मी दुसऱ्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्यांनी एकही पार्ट खोलला नाही. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर टेकवलं, क्लॅम्पवर नाही. दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. मला सेल्फ मारायला सांगितला. हा आकडा फार तर 0.2-0.3 व्होल्ट असायला हवा. आमचा 8 च्या आसपास गेला. म्हणजे बॅटरीचा बहुतेक जोर परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होता आणि सेल्फच्या वाट्याला उरलंसुरलं येत होतं. ही चाचणी सेल्फ मारत असतानाच घ्यावी लागते. करंट वाहत नसेल तर तुटायला आलेली तारसुद्धा मीटरवर ठणठणीत दिसते.

त्यांनी गाडीखाली दिवा धरून मला ती पट्टी दाखवली. मधल्या तारा हिरव्या पडून भुसभुशीत झालेल्या, बोट लावलं की तुकडे पडत होते. शाबूत चार-दोनच उरल्या होत्या. पण तिचा इंजिनकडचा, गिअरबॉक्सवरचा बोल्ट? त्याच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते आणि वॉशरखालची जागा घासून पांढरी केलेली. सेल्फ काढताना पहिल्या मेकॅनिकने हा बोल्ट खोलला, पट्टी हातात घेतली, बूड साफ केलं आणि तीच परत लावली. म्हणूनच गाडी काही आठवडे चालली.

आणि तो वास अॅक्सिलरेटरच्या केबलचा होता. पट्टीतून वाट मिळेना तेव्हा करंट इंजिनला जोडलेल्या स्टीलच्या केबलमधून बॉडीकडे जात होता. ती तापून आतलं अस्तर वितळलं, म्हणून पेडल जड. सेल्फ मारताना अॅक्सिलरेटरची किंवा गिअरची केबल गरम होत असेल, तर पहिली शंका इंजिनच्या अर्थिंगचीच घ्यायची.

सेल्फचा उलगडा त्यानंतर झाला. पूर्वी एकदा आमच्या सेल्फचे कार्बन ब्रश बदलले होते. खोलताना त्या कारागिराने झाकण आणि बॉडी पुन्हा जुळावी म्हणून दोन्हींवर पंचने ठिपके मारले होते, ते मी स्वतः पाहिलं होतं. इलेक्ट्रिशियनने थिनरच्या फडक्याने काळा रंग पुसला. खालून तेच ठिपके, समोरासमोर. स्क्रूच्या खाचांमध्येसुद्धा रंग भरलेला होता, म्हणजे नुसतं बाहेरून फवारलं होतं, आत हातसुद्धा लावला नव्हता.

मी फोटो घेऊन पहिल्याकडे गेले. आधी तो म्हणाला, सप्लायरने फसवलं असेल. ठिपके दाखवल्यावर म्हणाला, "ताई, गाडी लागत होती ना?" या वाक्याचा मला अजून राग येतो. ही गाडी घेऊन मी रात्री-अपरात्री एकटी फिरते. ती कुठेही बंद पडू शकते हे त्याला पट्टी हातात घेतली तेव्हाच माहीत होतं. बरीच वादावादी झाल्यावर सेल्फचे पैसे मिळाले. जुनी बॅटरी मिळाली नाही, नव्या बॅटरीचा एक रुपयाही नाही.

बिघाड निघाला तो एका पट्टीचा, बॅटरी आणि सेल्फच्या तुलनेत अगदी किरकोळ खर्चाचा. पार्ट बदलायला हो म्हणण्याआधी मी आता आकडे विचारते: बॅटरी नुसती किती, सेल्फ मारताना किती, प्लसच्या बाजूला वाटेत किती व्होल्ट खर्ची पडतात, अर्थिंगच्या बाजूला किती. प्लसच्या केबलवर साधारण अर्धा व्होल्ट चालतो, त्यापेक्षा जास्त असेल तर केबल आणि टर्मिनल आधी बघायचे. दोन्ही बाजू ठीक आहेत, सेल्फच्या खुंटावर पुरेसे व्होल्ट पोचतायत आणि तरी सेल्फ फिरत नाही, असं दाखवलं तरच तो उतरवू द्यायचा. उतरवण्याआधी त्यावर आपली खूण करायची आणि फोटो काढायचा. बदलला तर जुना भाग आपल्याला परत हवा, हे काम सुरू होण्याआधीच बिलावर लिहून घ्यायचं.